खाली न बसणारं सोनं

६ नोव्हेंबर, गुरुवार. सातारा

जमलं! सहा महिने जे होत नव्हतं ते आज पावणेबाराला झालं. उकळतं पाणी, त्यात आप्पांचं सोनं, त्यात सायट्रेट. आधी पाणी नितळ, मग दौत लवंडल्यासारखं काळपट, आणि मग बघता बघता लाल. आटपाडीच्या डाळिंबाचा रस. हात जोडून उभी होते दोन मिनिटं, खोटं कशाला बोला.

गोल्ड क्लोराइडची ऑर्डर सप्टेंबरपासून लटकलीय. थीसिसची मुदत ३१ डिसें., वाढवून वाढवून दोनदा झाली, आता तिसऱ्यांदा कुणी दारात उभं करणार नाही. म्हणून दिवाळीला घरी गेले तेव्हा देवघरातल्या डबीतून आप्पांचा एक नमुना उचलून आणला. मोहरीएवढा. आप्पा गलाईवाले, वडिलांचा सगळा जन्म कोइमतूरला लोकांचं सोनं गाळण्यात गेला. प्रत्येक मुशीतून कस बघायला चिमटाभर काढून ठेवायचे, तोच नमुना. दुसऱ्यांच्या घरात कोनाड्यात बटणं सापडतात, आमच्यात हे. दादाला फोनवर विचारलं तर म्हणाला, "घे की, चिक्कार पडल्यात." आईला विचारलं नाही. ती आंघोळीला गेली होती आणि माझी एसटी होती.

तेजाबात टाकलं, तासात गायब. सगळंच्या सगळं एका दमात वापरलं, थोडं राखायला हवं होतं. उतावळा नवरा नि काय ते. चारशे मि.ली., एक बाटली. लेबल: 'आप्पा १'.

११ नोव्हें., मंगळ.

बाहेर पाठवलेल्या टीईएमचे, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे, फोटो आले. गोल, एकसारखे, चौदा नॅनोमीटर. सर खुर्चीतून उठले. सर माणसं आली तरी उठत नाहीत.

डीएलएसवर मात्र सव्वीस. दोन मापांत फरक असतोच. टीईएमला नुसता कण दिसतो, डीएलएस अंगरख्यासकट मोजतं. पण सायट्रेटचा अंगरखा पातळ, चार-पाचाने वाढावं फार तर. शनिवारी वीस होतं, काल तेवीस. कण तेवढाच आहे, अंगरखा जाड होत चाललाय. मी तर नंतर काहीच घातलं नाही.

दिवाळीत आईला हे समजावत होते. सोन्याचे बारके कण पाण्यात उघडे राहिले की एकमेकांना चिकटतात, ढेकळं होऊन तळाला बसतात, म्हणून वरून काहीतरी नेसवायचं. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "आगं मग माणसागतच की. उघडं पडलं की बसलंच खाली." व्हायव्हाला आईलाच पाठवावं.

१४ नोव्हें., शुक्र.

मिठाची परीक्षा. नेहमीचा माल मीठ पडलं की निळा, पाच मिनिटांत तळाला काळी माती. हा लालच. दुप्पट मीठ घातलं. लालच. चौपट. समुद्राच्या पाण्याला मागं टाकलं, हा आपला लाल.

सर हरखले. "सुमन, हे पेपरचं मटेरियल आहे." मला का कोण जाणे बरं वाटेना. नीट न कळता जमलेलं काम मला आवडत नाही, आप्पांचा गुण.

आयआर वर्णपट काढला. प्रथिनाच्या रेघा, ठसठशीत. मी प्रथिन घातलेलं नाही!! सर म्हणाले, "शिंकलीस का त्यात?" फार विनोदी. बुरशी असेल म्हणून पेट्रीत पसरलं, तीन पेट्र्या. बघू.

१७ नोव्हें., सोम.

पेट्र्या कोऱ्या. काही उगवलं नाही. म्हणजे जिवंत काही नाही त्यात.

तरी अंगरखा अठ्ठावीस.

सरांचा हुकूम: धू, अंगरखा काढ, परत येतो का बघ. उद्या.

१८ नोव्हें., मंगळ.

(एसटीत लिहितेय, अक्षर नाचतंय.)

सव्वाअकराला दहा मि.ली. सेंट्रिफ्यूजला लावलं. तीनदा धुतलं. अंगरखा निघाला, डीएलएस सतरा. आकडा लिहीतच होते, मावशीचा फोन. आईची धाकटी बहीण, शेजारीच राहते. "सुमे, निघ. तुजी आई कलंडली. तव्यावर भाकरी तशीच हाय."

उजवी बाजू गेली. विट्याहून सांगलीला हलवतायत. मी थेट सांगलीला चाललेय. कऱ्हाडला उसाच्या ट्रॉल्यांत अडकलोय, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलाय. आई, थांब गं.

२२ नोव्हें., शनि. सांगली

दवाखाना. दादा कोइमतूरहून आला. आई बघते, ओळखते, बोलत नाही. जीभ हलते, शब्द येत नाही. डॉ. म्हणाले, झटका मोठा आहे, वय बघा, मूत्रपिंडंही दमलीत. दिवस सांगितले. दिवस म्हणजे किती ते नाही सांगितलं.

डावा हात एकसारखा हलवते. तर्जनी नि अंगठा जुळवून काहीतरी चिमटीत धरल्यासारखं करते नि ओठाला लावते. आम्ही पाणी देतो. पाणी नको असतं.

२९ नोव्हें., शनि. गाव

घरी आणलं. "घरी न्या, सेवा करा." म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. दादा दुकान उघडायला गेला परत, "काय झालं तर विमानानं येतो." मावशी राहिली. मला म्हणाली, "तू बी जा, तुजं बाड पुरं कर. हितं बसून काय व्हणार हाय? मी हाय न्हवं."

लाज वाटली आणि सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही खरं.

२ डिसें., मंगळ. सातारा

'आप्पा १' बाटलीत एकतीस. धुतलेला दहा मि.ली. वेगळ्या कुपीत होता, त्याच्यावर चौदा दिवसांत अंगरखा परत आलाय. तोही एकतीस. दशांशापर्यंत सारखा. दोन वेगळी काचपात्रं, एक फ्रिजमध्ये, एक शेल्फवर.

दुपारी कोयनेचा धक्का बसला. लहानच. शेल्फावरच्या बाटल्या किणकिणल्या, प्रत्येकीतल्या पाण्यावर लहरी उठल्या. आप्पा १ ला नाही. मी तीन फुटांवर होते, डोळ्यांनी बघितलं. पाणी थिजलेल्या तुपासारखं सपाट. सरांना सांगितलं असतं, पण ते टेबलाखाली होते.

झोप कमी आहे, म्हणून असेल.

५ डिसें., शुक्र.

दुसरी धुलाई. ११.०५ ला यंत्र चालू. ११.२० ला मावशी. "श्वास अडकलाय गं, डोळं पांढरं केल्यात. मी तोंडाला तोंड लावून बसलीया." मागून तिच्या नातीचं रडणं. मी फोन कानाला धरून उभी आणि सेंट्रिफ्यूज आपलं घूं घूं.

माझं काय डोकं फिरलं माहीत नाही. यंत्र बंद केलं, धुवायला घेतलेला सगळा माल परत बाटलीत ओतला. असं करायचं नसतं, पहिल्या वर्षाची मुलंसुद्धा करत नाहीत. ११.४०.

पावणेबाराला मावशी: "आला गं बाय श्वास. आपोआप आला. आता निजलीया."

मग मागचं पान काढलं. १८ तारीख, सव्वाअकरा. मावशीला विचारलं, आई त्या दिवशी किती वाजता पडली. "आकाशवाणीवर बातम्या संपल्या हुत्या. साडेअकरा धर."

दोन बिंदू. दोन बिंदूंतून कुठलीही रेघ जाते. हे मीच एम.एस्सी.च्या मुलांना शिकवते, तोंड वर करून.

७ डिसें., रवि. गाव

आता जे कळलं ते लिहावंसं वाटत नाही. लिहिते.

मावशीला आईची चिमूट मी दाखवली. दवाखान्यात करायची ती. मावशी माझ्याकडं बघतच राहिली. "येडे, ती सोनं मागतीया. तोंडात घालायचं. एवढं शिकलीस नि आईची खूण कळंना तुला?" उठून देवघरातली डबी उघडली. तुळशीचं वाळकं पान, गंगेच्या पाण्याची लहान कुपी, लाल दोऱ्याचा गुंता. सोनं नाही.

"हितं तर हुतं. कुणी नेलं?"

दुसऱ्या कुणाच्या घरात देवापुढच्या डबीत, तुळशीशेजारी सोन्याचा कण दिसला असता तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं तो कशाचा आहे. आमचं घर गलाईचं. आम्हाला तो नमुना दिसला.

सांगितलं. मावशी खाली बसली. मग हळूहळू बोलली. ते आप्पांच्या गिऱ्हाइकाचं सोनं नव्हतंच. लग्नातली आईची बुगडी मोडून आप्पांनी कोइमतुरात पहिली मूस लावली. त्यातलं एवढंसं आईनं मागून घेतलं, म्हणाली, हे माझं, जाताना मला द्या. इतकी वर्षं डबीत. दर पौर्णिमेला उघडून बघायची म्हणे. दिवाळीनंतरच्या पौर्णिमेला बघितलं असेल. कुणाला बोलली नाही. मला फोनवर एवढंच विचारलं होतं, "सुमे, देवघरात काय हात लावलावतास का?" आणि मी घाईत म्हणाले होते, "नाही गं."

मी चोर आहे. आईच्या तोंडातलं चोरलं.

मावशीनं स्वतःच्या डोरल्यातला मणी सोडवून आईच्या ओठाला लावला. आईनं तोंड घट्ट मिटलं, मान भिंतीकडं केली. अर्धं अंग गेलेल्या बाईत एवढा जोर कुठून आला?

"जीव अडकलाय तिचा," मावशी. "तिचं तिला दे. आण तसंच परत."

"मावशी, ते पाण्यात गेलंय."

"मग? तुजा बाप तेजाबातनं रोज काढायचा. हिराकस टाकायचा, सोन्याची माती खाली बसायची. तुला येत न्हाई व्हय?"

९ डिसें., मंगळ. सातारा

येत नाही.

मीठ घातलं, मुठीनं. आम्ल घातलं. उकळलं. गोठवून परत वितळवलं. हिराकस घातला, तो विरघळलेल्या सोन्याला लागतो, कणांना नाही, माहीत असून घातला. सगळे प्रयोग पाच-पाच मि.ली.वर, यंत्रात न फिरवता. यंत्राला हात लावायची हिंमत नाही. आठ कुप्या ओळीनं. आठही लाल.

सोनं जड असतं. पाण्याच्या एकोणीस पट. ते खाली बसू नये म्हणून जग प्रयोगशाळा उघडून बसलंय, आणि मी हात जोडतेय, बस बाई खाली.

मावशीचा फोन, आज आईला घाम फुटत होता नि मधेच थंडी वाजत होती. कधी उकळलं नि कधी गोठवलं ते वहीत आहे. वही उघडली नाही. कुप्या तशाच बाटलीत ओतल्या.

आप्पा म्हणायचे, सोन्याला आठवण नसते. बुगडी गाळा, पाटली गाळा, ज्याची होती त्याचं नाव मुशीत जळतं, म्हणूनच हा धंदा करता येतो. नाहीतर हात लावायचं धाडस झालं नसतं, म्हणायचे.

११ डिसें., गुरु.

सरांपुढे रडले. ठरवलं नव्हतं.

सर वाईट माणूस नाहीत. पाणी दिलं, दार लोटलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आईची तब्येत आणि सँपल यांचा संबंध नाही हे तुला माहीत आहे." माहीत आहे. "अंगरखा दोनदा धुतलास, दुसऱ्यांदा अर्धवट सोडलंस. तीन रीडिंग नसतील तर परीक्षक दारातून परत पाठवतील. तिसरी धुलाई कर. आईला काही होणार नाही, तुझं डोकंही जागेवर येईल. दोन्ही कामं होतील."

बरोबर आहे. मीसुद्धा विद्यार्थ्याला हेच सांगितलं असतं. तिसरी केली आणि काही झालं नाही, तर मी मोकळी.

म्हणजे आईवर प्रयोग करायचा आणि तो फसावा अशी आशा करायची.

सोमवारी करते म्हणाले.

१५ डिसें., सोम.

साडेदहाला बाटली काढली. धुण्याआधी डीएलएस घ्यायचं असतं म्हणून घेतलं.

चौदा.

परत घेतलं. चौदा. मापाची कुपी बदलली, पाणी बदललं, यंत्राला प्रमाणित नमुना दाखवला, यंत्र ठीक. चौदा म्हणजे नुसता कण. अंगरखा नाही. आयआर: प्रथिनाच्या रेघा गेल्या. सायट्रेटसुद्धा नाही. कणावरचा विद्युतभार शून्य. अंगावर सूत नाही. असा कण पाण्यात क्षणभर टिकत नाही, लगेच ढेकूळ होतो. बाटली माझ्यासमोर, लाल, नितळ. काही खाली बसलेलं नाही.

मी धुतलं नाही. कुणीच नाही. आपणहून उतरवून ठेवलं.

सर म्हणाले यंत्र बिघडलंय, माणूस बोलावतो. मी मान डोलावली.

घरी फोन केला. मावशी: "सकाळधरनं अंगावरचं लुगडं ठिवंना झालीया. पांघरूण घाललं की डाव्या हातानं ढकलती. डोळं मात्र निवळ्यात. येतीयास का?"

सरांना चिठ्ठी ठेवली. बाटली टॉवेलात गुंडाळली, डब्याच्या पिशवीत. मुदतीचं काय होईल ते होईल. पहाटेची गाडी आहे.

१६ डिसें., मंगळ. गाव, दुपारी दीड

एसटीत पिशवी मांडीवर. खड्ड्यांतून गाडी एवढी आदळली, पिशवीत डचमळल्याचा आवाज नाही. कंडक्टर म्हणाला, "मावशे, सरबत हाय का काय?" मावशी म्हणाला मला, मेला. काय चेहरा झाला असेल.

आई खोलीत, चादर पायाशी. शुक्रवारपासून पाणी उतरत नाही, ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर येतं. मी बाटली टॉवेलातून काढली, खिडकीतलं ऊन त्यातून आईच्या गालावर पडलं, गाल लाल झाला. आईनं बाटलीकडं बघितलं. मी म्हणाले, "आई, मीच घेतलं होतं. खोटं बोलले." तिनं डावा हात वर केला. मला वाटलं मारते. तिनं माझ्या कानाची वरची कड चिमटीत धरली, बुगडी घालतात तिथं, आणि सोडली.

मग तोंड उघडलं. आपणहून. जीभ थोडी पुढे.

मावशी म्हणाली, "घाल. लेकीच्या हातनं मिळतंय, आणि काय पायजे बाईच्या जातीला?" तुळशीचं पान माझ्या हातात दिलं नि चौकटीबाहेर जाऊन उभी राहिली. पदर तोंडात धरलाय.

ड्रॉपर भरलाय. डाव्या हातात आहे, उजव्यानं लिहितेय. वही आणायची काही गरज नव्हती, पण तारीख-वेळ लिहिल्याशिवाय मला काही करता येत नाही. १.३४.

घातलं आणि काही झालं नाही, तर मी वेडी ठरेन आणि आई राहील. अशी, या खाटेवर, तोंड उघडं टाकून. आणि झालं, तर तिसरं रीडिंग मिळेल.

आई मला पाहिजे आहे. हे कुठल्याच रकान्यात बसत नाही. तिला जायचंय, मला ती पाहिजे आहे. मी एकतीस वर्षांची आहे आणि मला आई पाहिजे आहे.

न घालता बाटली परत नेली तर? अंगरखा परत येईल. ती राहील. किती दिवस ते मीच ठरवायचं, शेल्फवर ठेवून.

१.४१. जीभ वाळत चाललीय. तोंड मिटत नाही. ड्रॉपरच्या टोकाला थेंब येऊन थांबलाय, पडत नाही.

"काय लिवत बसलीयास, सुमे?" मावशी बाहेरून.

आलेच. एवढं वाक्य पुरं झालं की